परदेशातील एक सत्र : जाण्यापेक्षा परतण्याचाच प्रश्न मोठा

‘मुलगी परदेशी शिकायला चालली आहे’ असे कोणी सांगितले, की शहरी मध्यमवर्गीय घरात एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. बँकेचे शैक्षणिक कर्ज, त्यासाठी तारण ठेवलेला फ्लॅट, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि त्यानंतर तेथेच नोकरीचा शोध. परदेशी शिक्षणाची आणखी एक वाट आहे. ती बरीच शांत आणि तुलनेने स्वस्त आहे, परंतु आपल्याकडे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ही वाट म्हणजे विद्यापीठांमधील विद्यार्थी देवाणघेवाण योजना. या योजनेत विद्यार्थी आपले विद्यापीठ सोडत नाही. त्याचे नाव त्याच पटावर राहते, शुल्क तेथेच भरले जाते, पदवीही तेथलीच मिळते. मधले एक सत्र किंवा फार तर एक वर्ष तेवढे तो दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिकतो आणि तिकडचा एखादा विद्यार्थी इकडे येतो.

कल्पना सांगायला इतकी सोपी, तर मग तिच्यात अडते कोठे? बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा विमानाचे तिकीट, व्हिसा आणि राहण्याची सोय हेच प्रश्न येतात. ते खरे आहेतच. पण पैसा आणि धावपळ यांच्या जोरावर ते कसेबसे सुटतात. न सुटणारा प्रश्न विद्यार्थी परतल्यावर उभा राहतो. तिकडे सहा महिने जे शिकले, ते इकडच्या पदवीत धरायचे की नाही? या एका प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर देवाणघेवाण ही एक महागडी सहल ठरते आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. युरोपातील ‘इरॅस्मस’ ही जगातील सर्वांत मोठी देवाणघेवाण योजना नेमकी याच प्रश्नातून जन्माला आली आणि गेली जवळपास चार दशके ती प्रामुख्याने याच प्रश्नाशी झुंजते आहे. तिची घडण समजून घेतली, तर आपल्याकडे काय कमी आहे, हेही आपोआप कळते.

रोममधील एक नकार

सोफिया कोराडी या रोमच्या ‘ला सापिएन्झा’ विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होत्या. १९५७ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि तुलनात्मक कायद्यातील पदव्युत्तर पदवी घेऊन पुढच्या वर्षी मायदेशी परतल्या. आपला हा अभ्यास इटलीतील पदवीसाठी ग्राह्य धरला जावा, अशी साधी विनंती त्यांनी विद्यापीठाकडे केली. ती फेटाळण्यात आली. एवढेच झाले असते तर गोष्ट तेथेच संपली असती. पण कार्यालयातील अधिकाऱ्याने इतरांसमोर त्यांना फैलावर घेतले आणि अमेरिकेत फिरून येऊन वर परीक्षांतून सूट मागता, अशा अर्थाचे बोल सुनावले. पुढे अनेक मुलाखतींत कोराडी यांनी हा प्रसंग सांगितला. जगातील नामांकित विद्यापीठाची पदवी हाती असताना त्यांना इटलीतील राहिलेल्या परीक्षा द्याव्या लागल्या आणि त्यात त्यांचे एक वर्ष गेले.

असे अपमान अनेकांच्या वाट्याला येतात आणि बहुतेक जण ते गिळून पुढे जातात. कोराडी यांनी तो फाइलीत लावला. पुढे इटलीतील विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या स्थायी परिषदेत त्या शिक्षणविषयक सल्लागार म्हणून काम करू लागल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी एक टिपण तयार केले. विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशी विद्यापीठात पूर्ण करावा आणि आधी मंजूर झालेला तो भाग मायदेशी तसाच्या तसा मान्य व्हावा, हा त्याचा गाभा होता. ‘आधी मंजूर झालेला’ हे शब्द महत्त्वाचे. सारी योजना पुढे याच अटीवर उभी राहिली.

टिपणापासून योजनेपर्यंत यायला अठरा वर्षे लागली. १९७६ मध्ये युरोपीय समुदायाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांना पाठबळ देणारा ठराव केला. त्यातून लहान प्रमाणावर प्रयोग झाले. पुढे मोठ्या योजनेच्या खर्चावरून सदस्य देशांत बरीच घासाघीस झाली, विद्यार्थी संघटनांनी आपला रेटा लावला आणि अखेर जून १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ला मंजुरी मिळाली. हे नाव एका लांबलचक इंग्रजी शीर्षकाच्या आद्याक्षरांवरून जुळवून आणलेले आहे. पण जुळले ते छान. रॉटरडॅमचा मानवतावादी विद्वान इरॅस्मस पॅरिस, लूव्हन, केंब्रिज असा विद्येच्या पेठा पालथ्या घालत फिरला आणि १५३६ मध्ये बाझल येथे वारला. त्याच्या काळी लॅटिन ही एकच भाषा सर्व विद्यापीठांत चालत असे. त्यामुळे एका परीने आजच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याचे काम सोपे होते.

पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी या योजनेतून गेले. २०१४ पासून शालेय विद्यार्थी, व्यवसायशिक्षण घेणारे तरुण आणि शिक्षक यांच्यासाठीच्या योजनाही ‘इरॅस्मस प्लस’ या एकाच छत्राखाली आल्या. १९८७ पासून या सर्वांची मिळून संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिची तरतूद सुमारे २,६०० कोटी युरोंची आहे. कोराडी यांना युरोपात ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणत. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तीन सह्यांचा कागद

आता प्रत्यक्ष व्यवहार. बोलोन्याची एखादी विद्यार्थिनी एका सत्रासाठी लायपझिगला निघाली आहे, असे समजू. सर्वप्रथम त्या दोन विद्यापीठांमध्ये परस्पर करार असावा लागतो. तो नसेल तर विद्यार्थिनी कितीही हुशार असली तरी उपयोग नाही. करारात कोणत्या विषयाचे, किती विद्यार्थी, किती महिन्यांसाठी जातील हे ठरलेले असते. तिची निवड तिचे स्वतःचे विद्यापीठ करते, यजमान विद्यापीठ नव्हे. त्यानंतर तयार होतो तो ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा अध्ययन-करार. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय पूर्ण झाले असे मानले जाणार, हे दोन्ही त्यात निघण्यापूर्वीच लिहिलेले असते. त्यावर विद्यार्थिनी, तिचे विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या होतात. विद्यार्थिनीने ते विषय उत्तीर्ण केले, की ते मान्य करणे मूळ विद्यापीठावर बंधनकारक असते. परतल्यावर प्राध्यापकांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागू नयेत, याची ही तजवीज.

विषयाच्या बदल्यात विषय लावायचा, तर दोन्हीकडचा अभ्यास एका मापाने मोजला गेला पाहिजे. त्यासाठी १९८९ मध्ये युरोपीय श्रेयांक पद्धत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. व्यवस्थापन, रसायनशास्त्र, इतिहास, यंत्र अभियांत्रिकी आणि वैद्यक या पाच विद्याशाखा त्यासाठी निवडल्या होत्या. या पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष म्हणजे ६० श्रेयांक, म्हणजेच ६० क्रेडिट. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. त्यात वर्गातील तास येतात, तसेच ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि घरी घालवलेला वेळही येतो. शिक्षक किती तास बोलला यापेक्षा विद्यार्थी किती तास खपला याला येथे महत्त्व आहे. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपातील बहुतेक देशांनी पदव्यांची रचना एकमेकांशी जुळती केली आणि हे माप सर्वत्र रुळले.

कागदावर सगळे चोख असले, तरी पहिल्याच आठवड्यात करार डळमळू लागतो, हा नेहमीचा अनुभव. ठरवलेला विषय त्या वर्षी शिकवलाच जात नाही. दोन विषयांचे तास एकाच वेळी येतात. संकेतस्थळावर ‘इंग्रजीतून’ असे छापलेले व्याख्यान प्रत्यक्षात जर्मनमधून होते. त्यामुळे करारात सुधारणा करण्याची सोय ठेवलेली आहे. मात्र तिलाही तिघांची संमती लागते. भाषेचा घोळ तर कधी कधी दुहेरी असतो. सेड्रिक क्लापिश यांच्या २००२ मधील ‘लोबेर्ज एस्पान्योल’ या गाजलेल्या फ्रेंच चित्रपटाचा नायक इरॅस्मसचा विद्यार्थी म्हणून पॅरिसहून बार्सिलोनाला जातो. स्पॅनिशची तयारी करून तो वर्गात बसतो, तर प्राध्यापक कातालान भाषेतून शिकवत असतात आणि स्पॅनिशमध्ये बोलायला साफ नकार देतात. मराठीच्या प्रश्नावर चर्चा करणाऱ्यांना या प्रसंगातील दोन्ही बाजू चटकन समजतील.

वीसपैकी चौदा म्हणजे किती?

श्रेयांकांचे जमले तरी गुणांचा तिढा उरतोच, आणि तो फार गमतीचा आहे. इटलीत प्रत्येक परीक्षा ३० गुणांची. १८ मिळाले की उत्तीर्ण. ३० पैकी ३० मिळवूनही परीक्षकाला आणखी कौतुक करायचे असेल, तर तो पुढे ‘सन्मानासह’ असा शेरा लिहितो. फ्रान्समध्ये गुण २० पैकी. १० ला उत्तीर्ण, १४ म्हणजे चांगले आणि १६ च्या पुढे जाणारे विरळा. जर्मनीत सगळे उलटे. तेथे १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. जर्मनीहून आलेल्या गुणपत्रकावर १.३ हा आकडा पाहून एखाद्या घरात काळजीचे वातावरण पसरले, तर नवल नाही. प्रत्यक्षात पेढे वाटण्याजोगा तो निकाल असतो.

साध्या त्रैराशिकाने हे हिशेब सुटत नाहीत. फ्रान्समधील २० पैकी १४ म्हणजे शेकडा ७० आणि म्हणून इटलीतील ३० पैकी २१, असे रूपांतर केले तर विद्यार्थ्यावर घोर अन्याय होतो. कारण फ्रान्समध्ये १४ गुण हे वर्गातील वरच्या मुलांना मिळतात आणि इटलीतील २१ हे जेमतेम तरून जाणाऱ्याचे लक्षण. इटलीची आणखी एक चाल म्हणजे तेथील विद्यार्थी मिळालेले गुण नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो. साहजिकच तिकडचे आकडे वर सरकलेले असतात. यावर युरोपने सुरुवातीला एक सामायिक श्रेणी काढली. उत्तीर्ण विद्यार्थ्यांतील वरच्या दहा टक्क्यांना ‘ए’, पुढच्या २५ टक्क्यांना ‘बी’ अशी तिची रीत. विद्यापीठांना ती पचली नाही आणि २००९ मध्ये ती मागे पडली. तिच्या जागी प्रत्येक विभागाने आपल्याकडे कोणता गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतो, याचा तक्ता प्रसिद्ध करावा, असा दंडक आला. दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे आणि विद्यार्थी तिकडच्या रांगेत जेथे उभा होता, त्याच जागेचा इकडचा गुण त्याला द्यायचा. पद्धत न्याय्य आहे. मात्र सर्व विभाग असे तक्ते नियमाने काढतात, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अनेक ठिकाणी अजूनही संबंधित प्राध्यापकाचा अंदाज हाच शेवटचा शब्द असतो.

पैशाचे गणित

देवाणघेवाण योजना स्वस्त का पडते, याचे कारण साधे आहे. यजमान विद्यापीठ पाहुण्या विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क, प्रयोगशाळा वा ग्रंथालयाचे शुल्क घेत नाही. विमा किंवा विद्यार्थी संघाची वर्गणी अशा किरकोळ रकमा तेवढ्या द्याव्या लागतात. विद्यार्थी आपले शुल्क आपल्या घरच्या विद्यापीठातच भरतो. म्हणजे येथे कोणी कोणावर उपकार करत नाही. तुमचा मुलगा आमच्याकडे जेवला, आमचा तुमच्याकडे. जेवणाचा हिशेब कोणी मांडायचा नाही, असा हा शेजारधर्म आहे.

शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे आणि पोटाचा खर्च माफ होत नाही. इरॅस्मसचे मासिक अनुदान देशादेशांतील महागाई पाहून ठरते. परदेशात राहण्याचा जो जादा खर्च, त्याला हातभार लावणे एवढाच त्याचा हेतू आहे. सगळा खर्च त्यातून भागावा अशी अपेक्षाच नाही. डब्लिन किंवा अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरांत एका खोलीचे भाडेच ते गिळून टाकते. शिवाय मायदेशी विद्यार्थी अर्धवेळ नोकरी करत असेल, तर तीही सोडावी लागते. ज्यांच्या घरून भर पडते ते जातात, बाकीचे मागे राहतात, ही टीका या योजनेवर सुरुवातीपासून होत आली आहे. गरीब किंवा अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आता दरमहा २५० युरो अधिक दिले जातात. टीकेत तथ्य होते, याची ही कबुलीच म्हणायची.

योजनेचे समर्थक २०१४ च्या एका मोठ्या पाहणीकडे बोट दाखवतात. युरोपीय आयोगाच्या या पाहणीनुसार, पदवीनंतर पाच वर्षांनी इरॅस्मसच्या माजी विद्यार्थ्यांतील बेकारीचे प्रमाण इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होते. २७ टक्के जणांना आपला दीर्घकाळचा जोडीदार याच मुक्कामात भेटला. त्यावरून १९८७ पासून अशा जोडप्यांना सुमारे दहा लाख मुले झाली असावीत, असा अंदाजही आयोगाने मोठ्या हौसेने जाहीर केला होता. मुलांचे राहू द्या. बेकारीचा आकडा मात्र जपून वाचायला हवा. जे विद्यार्थी अर्ज करतात, भाषा शिकतात आणि ज्यांचे पालक पदरमोड करू शकतात, ते परदेशात न जातासुद्धा नोकरीच्या रांगेत पुढेच असण्याची शक्यता असते. योजनेमुळे ते पुढे गेले की पुढे जाणारेच योजनेत आले, हे अशा आकड्यांतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

तराजू कलला, की...

शेजारधर्म टिकतो तो दोन्ही घरची ये-जा सारखी असेल तोवर. ब्रिटनमध्ये ती तशी नव्हती. इंग्रजी शिकण्याच्या ओढीने युरोपातून विद्यार्थी लोटत. ब्रिटिश विद्यार्थी मात्र परकी भाषा म्हटली की मागे सरत. अखेरच्या वर्षांत या योजनेतून शिकायला जाणाऱ्यांच्या मानाने येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट होती. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्याला वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंत शुल्क पडत असताना इरॅस्मसचा पाहुणा तेथे एक पैही न भरता शिकत होता. युरोपीय संघातून बाहेर पडताना बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने २०२० च्या अखेरीस खर्चाचे कारण पुढे करून इरॅस्मसलाही रामराम ठोकला. २०२१ मध्ये त्याजागी ‘ट्युरिंग योजना’ आली. गणिती अ‍ॅलन ट्युरिंग यांनी स्वतः अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात डॉक्टरेट केली होती, त्यामुळे नावाची निवड समर्पक होती. ही योजना जगभर जाण्यासाठी पैसे देत होती; परंतु केवळ ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांना. येणाऱ्यांसाठी तीत काहीच नव्हते. परिणामी शुल्कमाफीसाठी प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्रपणे वाटाघाटी करण्याची पाळी आली. आपल्या मुलांना जेवायला घालणाऱ्या घरातील मुलांना आपण पाणीही विचारणार नसू, तर ते घर किती दिवस दार उघडे ठेवील?

स्वित्झर्लंडचा मार्ग याच्या नेमका उलट. फेब्रुवारी २०१४ मधील स्थलांतरविरोधी सार्वमतानंतर तो देश योजनेबाहेर फेकला गेला. तेव्हा स्विस सरकारने स्वतःच्या खर्चाने पर्यायी योजना काढली आणि बाहेर जाणाऱ्या स्विस विद्यार्थ्यांबरोबरच स्वित्झर्लंडमध्ये येणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांनाही स्वतःच्याच तिजोरीतून अनुदान दिले. दुहेरी भुर्दंड सोसून त्याने परतफेडीचे तत्त्व जपले. ब्रिटननेही अखेर डिसेंबर २०२५ मध्ये, २०२७ पासून इरॅस्मसमध्ये परत येत असल्याचे जाहीर केले.

भारतीय विद्यार्थ्याचे काय?

भारत या योजनेचा सदस्य नाही. पण तिची दोन दारे भारतीयांसाठी उघडी आहेत आणि त्यांची बऱ्याचदा गल्लत होते. एक दार ‘इरॅस्मस मुंडस’चे. २००४ मध्ये सुरू झालेला हा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम. यात विद्यार्थी किमान दोन देशांतील विद्यापीठांत शिकून पूर्ण पदवी मिळवतो आणि अर्ज थेट स्वतः करतो. या शिष्यवृत्तीधारकांत भारतीयांची संख्या अनेक वर्षे आघाडीवर राहिली आहे. मात्र ही देवाणघेवाण नव्हे. येथे मागे सोडून परत येण्यासारखे भारतीय विद्यापीठ नसतेच. दुसरे दार खऱ्या देवाणघेवाणीचे. २०१५ पासून युरोपबाहेरील विद्यापीठांशीही सत्रापुरती ये-जा करण्याची सोय इरॅस्मसमध्ये झाली. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला यात प्रवासखर्च आणि देशानुसार महिना साधारण ८०० ते ९०० युरो मिळतात. पण येथे विद्यार्थ्याला स्वतःहून अर्ज करता येत नाही. युरोपातील विद्यापीठाने भारतीय विद्यापीठाशी करार करून निधी मागितला असेल, तरच जागा निर्माण होते. म्हणून चौकशीची सुरुवात कोणत्याही एजंटाकडे नव्हे, तर आपल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात व्हायला हवी. इरॅस्मसच्या बाहेरही आयआयटी आणि अनेक खासगी विद्यापीठांचे परदेशी संस्थांशी स्वतंत्र करार आहेत. त्यांत शुल्कमाफी असते. राहण्या-खाण्याचे पैसे बहुधा विद्यार्थ्याचे.

करार असला तरी कोराडी यांना १९५८ मध्ये भेटलेला प्रश्न आपल्याकडे अद्याप निवृत्त झालेला नाही. कायद्याच्या अंगाने पाहिले तर बरेच काही बदलले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांशी शैक्षणिक सहकार्याचे नियम केले. त्यांतील ‘ट्विनिंग’ पद्धतीत एकूण श्रेयांकांपैकी कमाल ३० टक्के परदेशी संस्थेत मिळवता येतात. तथापि, बँकेत खाते उघडले म्हणजे परदेशातील श्रेयांक त्यात आपोआप जमा होत नाहीत. ते आधी आपल्या संस्थेने मान्य करावे लागतात, आणि तेथे अभ्यास मंडळ, परीक्षा विभाग आणि विभागप्रमुख अशा तीन टेबलांवरून फाइल फिरते. विद्यापीठाने ‘ना हरकत’ पत्र दिले म्हणजे अभ्यास मान्य झाला, असा समज तर सर्रास आढळतो. ते पत्र जाण्याची परवानगी असते. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. अशा वेळी विद्यार्थी परततो आणि त्याला त्याच सत्राच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. नोकरीच्या मुलाखतीत मग ‘हे वर्ष कशात गेले?’ असा प्रश्न येतो.

आकड्यांचाही एक सापळा आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार भारतात एक वर्ष म्हणजे १,२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे सत्राला २०. युरोपात सत्राला ३०. दोन्हीकडे नाव ‘क्रेडिट’च असल्याने २० ला २० असा हिशेब करून विद्यार्थी तिकडे २० श्रेयांकांचे विषय घेतो आणि परतल्यावर त्याचे सुमारे तेराच धरले जातात. पूर्ण सत्राच्या बदल्यात पूर्ण सत्र हवे असेल, तर तिकडे ३० च्या आसपास घेणे भाग असते. नेमके प्रमाण प्रत्येक विद्यापीठ ठरवते. ते निघण्यापूर्वी लेखी घेतलेले बरे.

व्हिसाबाबत थोडक्यात. नव्वद दिवसांहून अधिक मुक्काम असेल तर पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. खर्चाची ऐपतही दाखवावी लागते. जर्मनीसाठी ती रक्कम सप्टेंबर २०२४ पासून महिना ९९२ युरो या हिशेबाने, सहसा ‘ब्लॉक्ड अकाउंट’ प्रकारच्या खात्यात आधीच भरून ठेवावी लागते. शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र तेथे उपयोगी पडते. हा आकडा वेळोवेळी बदलतो.

कोणते सत्र निवडावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण अनेकांचे गाडे तेथेच रुतते. आपल्याकडे पहिले सत्र जून-जुलैत सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपते, दुसरे जानेवारीच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालते. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यास भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होतात, तोवर आपल्याकडील दुसरे सत्र निम्म्यावर आलेले असते. तेथील उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे जानेवारी ते मार्च विद्यार्थी ना इकडचा, ना तिकडचा. स्वीडनमध्ये शरद सत्र ऑगस्टअखेरीस सुरू होऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत चालते, तर वसंत सत्र तेथून जूनच्या सुरुवातीपर्यंत. फ्रान्सचे दुसरे सत्रही जानेवारीत सुरू होऊन मे महिन्याच्या सुमारास आटोपते. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाला ही दोन वसंत सत्रे त्यातल्या त्यात बरी जुळतात. यजमान विद्यापीठाकडून गुणपत्रक यायला मात्र आणखी काही आठवडे लागू शकतात आणि इकडे पुढच्या सत्राचे परीक्षा अर्ज तोपर्यंत निघालेले असतात. अशा वेळी तात्पुरत्या गुणपत्रकावर प्रवेश देण्याची तरतूद आपल्या विद्यापीठात आहे का, हेही अर्ज करतानाच विचारून घ्यावे लागते.